पंपाआधी जिना

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने जुन्या व्यापारी इमारतींच्या सेक्रेटरींना चुकत नाहीत. परवानाधारक एजन्सीचा माणूस येतो, पंप रूममध्ये डोकावतो, चार-सहा सिलिंडरांवरचे टॅग बदलतो आणि आठवड्याभरात ‘फॉर्म बी’ हातात पडतो. तो फाइलला लागला की कमिटी सहा महिन्यांसाठी मोकळी. फोर्ट असो, नरिमन पॉइंट असो, दादर-अंधेरी असो की पुण्याचा लक्ष्मी रोड, चाळीस-पन्नास वर्षांच्या ऑफिस इमारतींत ही फाइल बहुधा नीट लावलेली असते. घोळ असतो तो सोसायटी ऑफिसच्या दाराबाहेर. जिन्याच्या अर्ध्या रुंदीत जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे, विजेच्या डक्टचं दार सताड उघडं, आणि गच्चीला कुलूप. किल्ली कुणाकडे, तर रात्रपाळीच्या वॉचमनकडे. आणि तो आत्ता घरी झोपलेला.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आमची बिल्डिंग चौऱ्याहत्तर सालची, तेव्हा हे नियमच नव्हते,’ असं गाळेधारक सर्वसाधारण सभेत ठासून सांगतात आणि बाकीचे माना डोलावतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू आहे आणि इमारतीचं वय सांगून त्यातून सुटता येत नाही. जबाबदारी विकासक, मालक आणि भोगवटादार अशा तिघांवरही आहे. म्हणजे गाळा ज्याच्या नावावर आहे तो, आणि तो भाड्याने घेऊन तिथे ऑफिस थाटलेला, दोघेही. इमारतीतली आग प्रतिबंधक यंत्रणा कायम चालू स्थितीत ठेवणं हे त्यांचं काम. यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा ‘फॉर्म ए’ परवानाधारक एजन्सी देते, आणि ती चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारीत व जुलैत सादर करायचा असतो. त्रुटी आढळल्या तर अग्निशमन दल नोटीस काढतं. ती फाइलला लावून गप्प बसणाऱ्यांवर वीज-पाणी तोडण्यापासून खटल्यापर्यंत कारवाई होऊ शकते.

मात्र नव्या टॉवरला लागू होणारी प्रत्येक गोष्ट जुन्या इमारतीत जशीच्या तशी बसत नाही, हेही खरं. दुसरा जिना, आसऱ्याचा मजला, मोठी भूमिगत टाकी या गोष्टी मागाहून उभ्या करणं कधी अवघड असतं, कधी अशक्य. म्हणून सुरुवात खरेदीने करू नये, कागद शोधण्यापासून करावी. मूळ मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दलाने त्या वेळी दिलेली एनओसी. बऱ्याच सोसायट्यांकडे यातलं काहीच नसतं. बिल्डरने दिलं नाही, किंवा एखाद्या जुन्या सेक्रेटरीच्या कपाटात राहून गेलं. महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातून ते मिळवता येतं, सरळ मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. नकाशा हातात आला की तो घेऊन इमारतीत एकदा वरून खाली चालत फिरावं. नकाशात ‘जिना क्र. २’ लिहिलेला आहे आणि प्रत्यक्षात तिथे कुणाचं स्टोअर आहे, असं निघालं तर दुसऱ्या जिन्याचा प्रश्न बांधकामाचा राहत नाही, रिकामा करण्याचा होतो. कागद आणि इमारत यांच्यात जो फरक निघेल, तीच कामांची पहिली यादी.

ही यादी कुठल्या क्रमाने हाती घ्यायची, इथे बहुतेक कमिट्यांचं गणित चुकतं. पहिलं कोटेशन मागवलं जातं ते पंपाचं, कारण पंप दिसतो, त्याचं बिल दाखवता येतं, उद्घाटनाला नारळ फोडता येतो. आगीत माणसं कशाने दगावतात हे पाहिलं तर क्रम उलटा लागतो.

बंगळुरूच्या ओल्ड एअरपोर्ट रोडवरचे कार्लटन टॉवर्स हे याचं ठळक उदाहरण. २३ फेब्रुवारी २०१० रोजी त्या सात मजली ऑफिस इमारतीत विजेच्या डक्टमध्ये आग लागली. आग मोठी नव्हती, पण धूर डक्टमधून वरच्या मजल्यांवर गेला, जिन्याचा मार्ग अडलेला होता, आणि कोंडलेल्या माणसांनी काचा फोडून खाली उड्या घेतल्या. ९ जण गेले. बरोबर महिन्याने, २३ मार्चला, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ‘स्टीफन कोर्ट’ या जुन्या इमारतीत ४३ जणांचा बळी गेला. तिथे वरचे मजले मागाहून बेकायदा चढवलेले होते, आणि धुरातून वाट काढत गच्चीपर्यंत पोचलेल्यांना गच्चीच्या दाराला कुलूप मिळालं.

याच्या शेजारी वांद्र्याची एमटीएनएलची इमारत ठेवून पाहावी. २२ जुलै २०१९ रोजी दुपारी या नऊ मजली इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आग लागली आणि खाली उतरायची वाट धुराने बंद झाली. कर्मचारी गच्चीवर गेले. दार उघडं होतं. अग्निशमन दलाने शिड्या लावून ८४ जणांना सुखरूप उतरवलं. गच्ची हा बाहेर पडायचा पहिला मार्ग मुळीच नव्हे, खालीच उतरायचं असतं. पण खालचा रस्ता संपतो तेव्हा एका कुलपावर किती काही अवलंबून असतं, ते या दोन इमारती सांगतात. गच्चीवर मोबाइल टॉवरची केबल चोरीला जाते म्हणून कुलूप लावावं लागतं, ही सोसायट्यांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय आहे: आतून दांडा ढकलला की उघडणारा ‘पॅनिक बार’. बाहेरून दार बंद, आतून कायम मोकळं. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करायला जो खर्च येतो त्याच्यापुढे हा किरकोळ.

म्हणून पहिला फेरा जिन्याचा. टेप घेऊन चालावं. नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे ऑफिस इमारतीचा जिना किमान दीड मीटर रुंद असायला हवा आणि आतल्या कुठल्याही टेबलापासून बाहेर पडायच्या दारापर्यंत चालायचं अंतर साधारण ३० मीटरच्या आत. चालायचं, म्हणजे पार्टिशनांना वळसे घेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं नव्हे. त्याच कोडमध्ये ऑफिससाठी माणशी १० चौरस मीटर जागा धरली आहे. १९८० साली ३०० चौरस मीटरच्या मजल्यावर तीस कारकून बसत असतील. आज तिथे को-वर्किंगवाल्याने ऐंशी खुर्च्या लावल्या असतील तर जिना तेवढाच आणि माणसं अडीच पटींहून जास्त. जिना रुंद करता येत नसेल तर खुर्च्यांची संख्या हा सोसायटीचा प्रश्न आहे, भाडेकरूचा खासगी मामला नाही. परवानगी देताना हा आकडा लेखी मागावा.

जिन्यात काय काय सापडतं त्याची यादी कुठल्याही शहरात सारखीच. चहावाल्याचा स्टोव्ह, झाडू-बादल्या, झेरॉक्स मशीन, चपलांचे रॅक, मोडक्या खुर्च्या. लँडिंगवर देव्हारा आणि त्यात तेवणारी समई; आणि या देव्हाऱ्याला हात लावायची कमिटीतल्या कुणाचीच छाती होत नाही. देव खाली लॉबीत, मोकळ्या भिंतीवर हलवावा, समईच्या जागी विजेचा दिवा लावावा. वाद होईल, पण तो सभेत होऊ द्यावा. लँडिंगच्या खिडक्याही पाहाव्यात: पाऊस आत येतो म्हणून पत्रा ठोकलेला असतो, किंवा एसीचं आउटडोअर युनिट बसवलेलं असतं. धूर बाहेर जायची तीच वाट.

मग दारं. जिन्याला लागून असलेलं अग्निरोधक दार आपोआप बंद व्हायला हवं. धूर जिन्यात शिरू नये हा त्याचा उद्देश. प्रत्यक्षात सगळ्या मजल्यांवर ते विटेचा तुकडा अडकवून उघडं ठेवलेलं असतं, कारण डोअर क्लोजर जड आहे आणि ऑफिसबॉयच्या हातात चहाचा ट्रे आहे. क्लोजर नीट जुळवून घेतला की हा त्रास कमी होतो. वीट उचलून नेण्यापेक्षा ती का ठेवली गेली ते विचारलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे येत नाही. कार्डाने उघडणाऱ्या काचेच्या दारांचं मात्र कडक धोरण हवं. आत यायला कार्ड लागू दे, बाहेर पडायला लागता कामा नये. आणि वीज गेली किंवा अलार्म वाजला की मॅग्नेटिक लॉक आपोआप सुटलं पाहिजे. हे बोलण्यावर सोडू नये. एखाद्या संध्याकाळी मेन स्विच पाडून प्रत्येक दार ढकलून पाहावं.

फोर्ट-बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या इमारतींची अडचण वेगळीच. जाळीची लिफ्ट मधोमध आणि तिच्याभोवती वर चढत जाणारा उघडा जिना. दिसायला देखणा, आगीच्या वेळी धुराडं. इथे प्रत्येक मजल्यावर जिना आणि ऑफिसांचा पॅसेज यांच्यामध्ये अग्निरोधक काचेचं किंवा बोर्डाचं पार्टिशन आणि दार घालता येतं. इमारत वारसा यादीत असेल तर हेरिटेज समितीची परवानगी लागते, वेळ जातो, पण अशा कामाला नकारच मिळतो असा जो समज आहे तो आर्किटेक्टकडून नीट प्रस्ताव करून घ्यायचा कंटाळा झाकायला बरा पडतो.

जिन्यानंतर डक्ट. विजेच्या, टेलिफोनच्या, इंटरनेटच्या केबल तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ज्या उभ्या पोकळीतून जातात ती प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला बंद केलेली असली पाहिजे. चाळीस वर्षांत दर नव्या भाडेकरूने तिथे एक भोक पाडलेलं असतं आणि आपली केबल ओढलेली असते. जुनी काढायची तसदी कुणी घेतलेली नसते. अर्ध्याहून अधिक केबल मृत असलेल्या डक्टही आहेत. आधी त्या काढून टाकाव्यात, कारण त्यांचं प्लास्टिक हे जळाऊ इंधनच आहे. मग प्रत्येक मजल्याला पोकळी अग्निरोधक मॉर्टरने किंवा सीलंटने बुजवावी, आणि पुढे केबल टाकायची असेल तिथे अग्निरोधक पिशव्या ठासाव्यात. त्या काढून पुन्हा लावता येतात. इथे ठेकेदार एक चलाखी करतो: पिवळसर फुगणारा साधा पीयू फोम फवारून भोकं बंद करतो. दिसायला काम चोख, पण तो फोम स्वतःच पेटतो. साहित्याचं चाचणी प्रमाणपत्र मागावं, त्यावर किती मिनिटं टिकतं ते लिहिलेलं असतं. डक्टसाठी १२० मिनिटांचं घ्यावं. डक्टच्या दारालाही हाच नियम, आणि आत सामान ठेवायला सक्त मनाई. वॉचमनची गादी आणि रंगाचे डबे ठेवायची ती आवडती जागा असते.

पंपाला पैसे लागतात, जिना आणि डक्ट यांना बहुतेक ठिकाणी चिकाटी लागते. तेवढ्यानेही इमारतीची अवस्था पुष्कळ बदलते.

आग लागते कुठून, याचं उत्तर ऑफिस इमारतीत बहुतेक वेळा विजेकडे जातं. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेल्या आगीने वरचे मजले पाहता पाहता घेतले आणि ५ जणांचे प्राण गेले. १९५० च्या दशकातली इमारत, त्यात वर्षानुवर्षं वाढत गेलेली लाकडी पार्टिशनं, फॉल्स सीलिंग, कागदांचे ढीग. राज्याच्या मुख्य कचेरीची ही गत, तर खासगी गाळ्यांचं काय सांगावं! बॅलार्ड इस्टेटमधल्या सिंदिया हाउसमध्ये १ जून २०१८ रोजी आयकर खात्याच्या कार्यालयाला आग लागली, तिथून जवळच्या कैसर-ए-हिंद इमारतीत २७ एप्रिल २०२५ च्या पहाटे ईडीच्या कार्यालयाला. दुसऱ्या आगीची वेळ लक्षात ठेवण्याजोगी. पहाटे ऑफिसात कुणी नसतं, पण सर्व्हर, एसी, यूपीएस, फ्रिज, पाण्याचा कूलर चालू असतो.

पन्नास वर्षांपूर्वीचं वायरिंग पंखे, ट्यूबलाइट आणि फार तर एखाद्या विंडो एसीसाठी घातलेलं होतं. आज त्याच्यावर प्रत्येक खोलीत दोन स्प्लिट एसी आहेत. वारंवार ट्रिप होतो म्हणून वायरमन ३२ अँपिअरचा एमसीबी काढून ६३ चा लावतो. ट्रिप व्हायचं थांबतं आणि तापायचं काम वायर करू लागते. मीटर रूममध्ये अजून किटकॅट फ्यूज असतील, त्यात साधी तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर ते आधी बदलावेत. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून सगळ्या मजल्यांचा प्रत्यक्ष लोड मोजून घ्यावा आणि थर्मल कॅमेऱ्याने पॅनल तपासून घ्यावेत. ही तपासणी भर दुपारी, पूर्ण लोड असताना व्हायला हवी. रविवारी थंड पॅनलचे फोटो काढून काही कळत नाही. सैल जोडणी कॅमेऱ्यात चटकन वेगळ्या रंगात दिसते आणि पान्याने आवळली की काम होतं. मीटर रूम जिन्याखाली असेल, आणि जुन्या इमारतींत ती नेमकी तिथेच असते, तर ती हलवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा. ते होईपर्यंत निदान अग्निरोधक भिंत, दार आणि स्मोक डिटेक्टर.

इंटिरिअर हा दुसरा शत्रू, आणि तो पाहुण्यासारखा येतो. नवा भाडेकरू सहा आठवड्यांत ऑफिस सजवून घेतो. काम चालू असताना धुळीने अलार्म वाजू नये म्हणून स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली जाते. काम संपतं, पिशवी राहते. स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या खालून फॉल्स सीलिंग जातं, किंवा रंगारी त्यांच्यावरही एक हात मारून जातो. स्प्रिंकलरच्या टोकाला लाल द्रव भरलेली बोटभरही नसलेली काचेची नळी असते. साधारण ६८ अंश सेल्सिअसला ती फुटते आणि पाणी सुटतं. तिच्यावर रंगाचा थर बसला की ती वेळेवर फुटेलच याची खात्री राहत नाही, आणि असं टोक खरवडून चालत नाही, बदलावंच लागतं. सोसायटीने इंटिरिअरची परवानगी देतानाच अनामत घ्यावी आणि काम संपल्यावर डिटेक्टर व स्प्रिंकलर पाहूनच ती परत करावी. तोंडी सूचनेपेक्षा अडकलेले पैसे जास्त लवकर ऐकतात.

वापर बदलला तर प्रश्न आणखी गंभीर. ऑफिसचा गाळा क्लासला, डायग्नोस्टिक सेंटरला किंवा हॉटेलला दिला की नियम बदलतात, नव्याने परवानगी लागते. सुरतच्या तक्षशिला आर्केड या व्यापारी संकुलात २४ मे २०१९ रोजी सर्वांत वरच्या बेकायदा मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं गेली. वर जायचा जिना लाकडी होता आणि तोच आधी जळाला. दिल्लीत मुंडक्याच्या चार मजली व्यापारी इमारतीत १३ मे २०२२ रोजी २७ जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडायला एकच वाट होती. ‘वरचा मजला रिकामाच आहे, क्लासवाला चांगलं भाडं देतोय,’ हे वाक्य कमिटीच्या बैठकीत येईल तेव्हा ही दोन नावं कुणीतरी उच्चारावीत.

आता पाण्याकडे. जुन्या इमारतीतला पंप बिघडतो कसा, याची एक ठरलेली चाल असते. राइझरचा, म्हणजे मजल्यामजल्यावर आगीचं पाणी नेणाऱ्या उभ्या नळाचा, जीआय पाइप चाळीस वर्षांत गंजून कुठेतरी बारीक गळतो. दाब कमी झाला की जॉकी पंपाने आपोआप सुरू होऊन तो भरून काढायचा, अशी रचना असते. त्यामुळे तो दर पाच-दहा मिनिटांनी घरघरत सुरू होतो. वॉचमन वैतागतो, प्लंबर येतो, गळती शोधायला भिंत फोडावी लागेल म्हणतो. मग पॅनलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर जातो, तात्पुरता म्हणून. त्यानंतर दोन कमिट्या बदलतात. फॉर्म बी दर सहा महिन्यांनी येतच राहतो.

हे टाळायचा मार्ग सोपा आहे. एजन्सीची तपासणी कमिटीतल्या दोघांनी समोर उभं राहून करून घ्यावी. पॅनल ‘ऑटो’वर आहे का ते पाहावं, मग सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडायला सांगावं. पंप खाली आपोआप सुरू झाला पाहिजे आणि वर गेजवर दाब साधारण साडेतीन किलो दिसला पाहिजे. लाइट घालवून डिझेल पंपही चालवून पाहावा. त्याची बॅटरी बहुधा उतरलेली असते. टाकीत वापराचं आणि आगीचं पाणी एकत्र असेल तर वापराच्या पंपाचा सक्शन पाइप वरच्या पातळीला असायला हवा, म्हणजे रोजच्या वापरात आगीचं पाणी संपणार नाही. गेटजवळ अग्निशमन दलाने बाहेरून पाणी सोडण्यासाठीची तोंडं असतात; तिथे कुणाची तरी बाइक कायम लावलेली असते. आणि होज बॉक्स प्रत्येक मजल्यावर उघडून पाहावा. कॅनव्हास होज घडीवर कुजलेला असतो, पितळी नोझल भंगारात गेलेलं असतं. चोरीची तक्रार करत बसण्यापेक्षा स्टीलचं नोझल घ्यावं, त्याला भंगारवाला फारसा भाव देत नाही.

ही सगळी तपासणी दीड-दोन तासांची. तेवढा वेळ द्यायला तयार नसलेली एजन्सी बदलावी. परवाना खरा आणि चालू आहे की नाही ते महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे पडताळता येतं.

सिलिंडरांबद्दल थोडंसंच. पॅसेजमध्ये एबीसी पावडरचे, विजेच्या पॅनलजवळ आणि सर्व्हर रूममध्ये कार्बन डायऑक्साइडचे. सिलिंडर शोधायला १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. पावडरच्या सिलिंडरवर काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर काटा नसतो, तो वजन करूनच तपासतात. टॅग बदलायला आलेल्या माणसाकडे वजनकाटा नसेल तर त्याने नेमकं काय तपासलं, हे विचारायला हरकत नाही.

काचेच्या दर्शनी भागाची फॅशन जुन्या इमारतींनाही लागली आहे. रंगकाम टाळायला बाहेरून काच मढवली जाते. अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये १८ जुलै २०१४ रोजी वरच्या मजल्यांना आग लागली तेव्हा बंद काचांमागे धूर कोंडला, जवानांना आत काम करणं कठीण झालं आणि एका जवानाला प्राण गमवावे लागले. काच लावायचीच असेल तर ठरावीक अंतरावर उघडणारी तावदानं ठेवावीत, आणि काच व स्लॅब यांच्यातली फट प्रत्येक मजल्याला बुजवावी.

यंत्रणा लावून झाली तरी माणसांना ती माहीत हवी. मॉक ड्रिल रविवारी सकाळी, वॉचमन आणि दोन शिपायांना घेऊन केलं जातं, फोटो काढले जातात. ते कामाच्या दिवशी साडेअकराला करावं, लिफ्टसमोर रांग असते तेव्हा. कोण कुठल्या जिन्याने उतरतं, तिसऱ्या मजल्यावर वरून येणाऱ्या आणि आत शिरणाऱ्या माणसांची कशी कोंडी होते, अलार्मचा हूटर केबिनमध्ये एसी लावून बसलेल्या साहेबांना ऐकू जातो का, हे तेव्हाच कळतं. गुडघेदुखीवाले, गरोदर, व्हीलचेअरवरचे कर्मचारी कोणाच्या मदतीने उतरणार ते आधीच ठरलेलं असावं. मुंबईतल्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच स्वच्छतागृहात सापडले. बाहेरची वाट ठाऊक नसली की माणूस दार लावून घेता येईल अशा खोलीकडे धावतो. म्हणून बाहेरची वाट दाखवणारे, बॅटरीवर चालणारे दिवे स्वच्छतागृहाबाहेरच्या पॅसेजमध्येही हवेत.

लिफ्टबद्दल सगळ्यांना वाटतं की आपल्याला माहीत आहे. कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवर रेल्वेच्या न्यू कोयलाघाट इमारतीत ८ मार्च २०२१ रोजी तेराव्या मजल्यावर आग लागली आणि ९ जण गेले. मृतांमध्ये ४ अग्निशमन जवान आणि पोलीसही होते, आणि बहुतेक जण लिफ्टने वर जाताना सापडले होते. ज्यांना हा नियम पाठ, त्यांच्याकडूनही घाईत तो मोडला जातो. अलार्म वाजताच लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबेल अशी जोडणी जुन्या लिफ्टलाही बऱ्याचदा करता येते. लिफ्ट कंपनीला विचारून घ्यावं. आणि आग दिसली की आधी १०१ फिरवायचा, मग सेक्रेटरीला फोन. अनेक इमारतींत हा क्रम उलटा असतो, दल आलं तर नोटीस निघेल या भीतीने.

दुसरा जिना खरोखरच नसेल तर? बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना लावता येतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि महापालिका यांच्याकडून तपासून घ्यावं. मागच्या मोकळ्या जागेत तो बऱ्याचदा बसतो, फक्त तिथे कुणीतरी शेड घातलेली असते. शेजारच्या विंगशी गच्चीवरून जोड देता येत असेल तर तोही पर्याय. काहीच जमत नसेल तर त्या मजल्यांवरची माणसं कमी करणं, संपूर्ण इमारतीत डिटेक्टर आणि स्प्रिंकलर घालणं, जिना बंदिस्त करून त्यात बाहेरची हवा दाबाने सोडणं अशी भरपाई करता येते. काय चालेल ते स्वतः ठरवू नये. नकाशा आणि पर्यायांचा प्रस्ताव घेऊन अग्निशमन दलाकडे आपण होऊन जावं. नोटीस आल्यावर धावण्यापेक्षा आधी गेलेल्या कमिटीला मुदत मागायला तोंड असतं.

राहता राहिला पैसा, आणि सभेत खरं भांडण होतं ते त्यावरच. तळमजल्याचे दुकानदार म्हणतात, आमचं दार रस्त्यावर उघडतं, आम्ही राइझरचे पैसे का द्यायचे? मालक म्हणतो भाडेकरूने द्यावेत, भाडेकरू म्हणतो तीन वर्षांचा तर करार आहे. दुकानदाराचा मुद्दा ऐकायला रास्त वाटतो, पण मीटर रूम त्याच्या दुकानाला लागून असते आणि माळ्यावर ठासून भरलेला माल बहुधा त्याचाच असतो. सामायिक कामं, म्हणजे जिना, डक्ट, राइझर, पंप, अलार्म यांचा खर्च सोसायटीने क्षेत्रफळाप्रमाणे सर्वांवर बसवावा. गाळ्याच्या आतलं वायरिंग, डिटेक्टर, स्प्रिंकलर मालकाने करून द्यावेत आणि भाडेकरूने सांभाळावेत. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात हे स्वतंत्र कलम म्हणून लिहून घ्यावं, नूतनीकरणाच्या वेळी तरी. एका वर्षात सगळं झेपणार नसेल तर ठरावात क्रम आणि तारखा लिहाव्यात: पहिल्या महिन्यात जिना, गच्ची, कुलपं, तीन महिन्यांत डक्ट आणि मीटर रूम, पुढच्या जुलैच्या आत अलार्म, त्यानंतर राइझर आणि पंप. प्रत्येक कामापुढे कमिटीतल्या एकाचं नाव, आणि पंपाचा स्विच ‘ऑटो’वर आहे हे दर सोमवारी पाहून वहीत सही करणाऱ्या माणसाचंही.